मूत्रपिंडातील गाठ : सौम्य की मारक?

मूत्रपिंड हा मानवी शरीरातील अत्यंत कार्यक्षम अवयव होय. पोटाच्या मागील भागात, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेली, सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीची ही दोन मूत्रपिंडे अहोरात्र रक्त शुद्ध करण्याचे कार्य करीत असतात. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांपैकी जवळजवळ सर्व द्रव रक्तात परत जातो आणि केवळ दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर पडतो. हा अवयव शरीरात इतका खोल दडलेला आहे की त्यात एखादी गाठ वाढू लागली तरी दीर्घकाळ तिची चाहूल लागत नाही. लघवीतून रक्त जाणे, कुशीत दुखणे आणि पोटात हाताला गाठ लागणे ही मूत्रपिंडाच्या कर्करोगाची तीन प्रमुख लक्षणे वैद्यकाच्या पुस्तकांत पूर्वापार सांगितली जात. परंतु ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसेपर्यंत बहुधा रोग हाताबाहेर गेलेला असे.

सोनोग्राफी आणि सी.टी. स्कॅन या तपासण्यांच्या प्रसाराने ही परिस्थिती पालटली. पित्ताशयातील खडे, पोटदुखी किंवा अपघातातील दुखापत अशा भलत्याच कारणासाठी तपासणी केली जाते आणि मूत्रपिंडात दोन-तीन सेंटिमीटरची गाठ दिसून येते. मूत्रपिंडातील निम्म्याहून अधिक गाठी आता अशाच अनपेक्षितपणे आढळतात. रोग लवकर सापडणे ही स्वागतार्ह गोष्ट होय, यात शंका नाही. तथापि, तिच्यासोबत एक नवा व बिकट प्रश्न उभा राहिला आहे. दिसलेली गाठ कर्करोगाची आहे की निरुपद्रवी? या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेपूर्वीच मिळावे यासाठी प्रतिमाचित्रणाच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत जे प्रयत्न झाले, ते सर्वसामान्य नागरिकांनीही समजून घेण्यासारखे आहेत.

प्रत्येक गाठ कर्करोग नव्हे

जागतिक आकडेवारीनुसार २०२२ साली मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे सुमारे ४ लाख ३५ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १ लाख ५६ हजार रुग्ण त्यामुळे दगावले. हा आजार गंभीर आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. मात्र मूत्रपिंडात दिसणाऱ्या प्रत्येक गाठीला कर्करोग म्हणता येत नाही. सर्वांत जास्त आढळतात त्या पातळ पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पिशव्या. त्यांना पुटी म्हणतात. उतारवयात त्या सर्रास दिसतात आणि बहुतेकांना कोणत्याही उपचाराची गरज नसते.

भरीव गाठींची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या असतात. या कर्करोगाचेही प्रकार आहेत. सुमारे ७० ते ७५ टक्के रुग्णांत आढळणारा ‘क्लिअर सेल’ हा प्रकार पसरण्याच्या दृष्टीने विशेष घातक समजला जातो. ‘पॅपिलरी’ आणि ‘क्रोमोफोब’ हे त्यानंतरचे प्रकार होत. उरलेल्या भरीव गाठी सौम्य असतात. त्यांत ‘ऑन्कोसायटोमा’ आणि चरबी, स्नायू व रक्तवाहिन्या यांच्या मिश्रणातून तयार होणारी ‘अँजिओमायोलायपोमा’ या दोन गाठी महत्त्वाच्या आहेत. सौम्य गाठ शरीरात अन्यत्र पसरत नाही आणि रुग्णाच्या जिवावर सहसा उठत नाही. ‘अँजिओमायोलायपोमा’ मोठी झाल्यास तीतून रक्तस्राव होण्याचा धोका असतो, एवढाच काय तो अपवाद.

सौम्य गाठींचे प्रमाण किती असते, याचा एक मोठा अभ्यास अमेरिकेतील मेयो क्लिनिक या संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केला. १९७० ते २००० या काळात तेथे शस्त्रक्रिया झालेल्या २,७७० रुग्णांच्या २,९३५ भरीव गाठींचा त्यात विचार करण्यात आला होता. त्यांपैकी १२.८ टक्के गाठी सौम्य निघाल्या. गाठीचा आकार लक्षात घेता हे प्रमाण फार बदलते, असेही दिसून आले. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींपैकी ४६.३ टक्के सौम्य होत्या. सात सेंटिमीटर वा त्याहून मोठ्या गाठींत मात्र हे प्रमाण अवघे ६.३ टक्के होते. चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींचा एकत्रित विचार केला, तर साधारणतः पाचांतील एक गाठ सौम्य असते, असे आज मानले जाते. सोनोग्राफीमुळे आता नेमक्या अशाच लहान गाठी अधिक संख्येने उजेडात येत आहेत.

अनावश्यक शस्त्रक्रियेचे मोल

गाठ शंकास्पद आहे ना, मग ती काढून टाकावी, म्हणजे चिंता मिटली, असे कोणालाही वाटेल. दीर्घकाळ वैद्यकशास्त्राचेही धोरण हेच होते. गाठीसह संपूर्ण मूत्रपिंड काढले जाई आणि दुसरे मूत्रपिंड सारे काम सांभाळील, असे गृहीत धरले जाई. हे गृहीतक सर्वांनाच लागू पडत नाही, हे पुढे स्पष्ट झाले.

न्यूयॉर्कमधील एका प्रख्यात कर्करोग रुग्णालयातील ६६२ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. या सर्वांची गाठ चार सेंटिमीटर वा त्याहून लहान होती आणि दोन्ही मूत्रपिंडे असून रक्तातील क्रिएटिनिन हा घटक सर्वसाधारण मर्यादेत होता. तरीही त्यांपैकी २६ टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता शस्त्रक्रियेपूर्वीच घटलेली आढळली. ज्यांच्या मूत्रपिंडाचा केवळ गाठ असलेला भाग काढला, त्यांच्यापैकी ८० टक्के रुग्णांत तीन वर्षांनंतरही ही क्षमता ठरावीक पातळीच्या वर टिकून राहिली. ज्यांचे संपूर्ण मूत्रपिंड काढले, त्यांच्यात हे प्रमाण केवळ ३५ टक्के होते. मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा फरक पुढील आयुष्याची दिशाच ठरवू शकतो. म्हणूनच आज लहान गाठींसाठी शक्य तेथे मूत्रपिंड वाचवून केवळ गाठ काढण्यावर भर दिला जातो. परंतु तीही मोठीच शस्त्रक्रिया आहे. गाठ मुळात निरुपद्रवी असेल, तर भूल, रक्तस्राव, खर्च आणि मूत्रपिंडाची हानी हे सारे रुग्णाने विनाकारण सोसलेले असते.

सी.टी. स्कॅन काय सांगतो, काय सांगत नाही

क्ष-किरण आणि संगणक यांची सांगड घालून शरीराच्या आतील भागांची काप घेतल्यासारखी चित्रे मिळविण्याचे तंत्र ब्रिटिश अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी विकसित केले. १९७१ साली लंडनमधील एका रुग्णालयात या यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली आणि १९७९ साली हाउन्सफील्ड व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. पदार्थ क्ष-किरणांना किती अडवितो, हे मोजण्याच्या एककाला हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. या मोजपट्टीवर पाण्याचे मूल्य शून्य, हवेचे उणे १,००० आणि चरबीचे शून्याच्या बरेच खाली असते.

मूत्रपिंडाच्या गाठींचे निदान करताना ही मोजपट्टी फार उपयोगी पडते. गाठीत चरबी स्पष्टपणे दिसली, तर ती बहुतेक वेळा ‘अँजिओमायोलायपोमा’ असते आणि प्रश्न तेथेच सुटतो. शिरेतून विशिष्ट द्रव्य देऊन पुन्हा चित्रे घेतली असता गाठीला होणारा रक्तपुरवठा कळतो. ‘क्लिअर सेल’ कर्करोगात रक्तवाहिन्या विपुल असल्याने ती गाठ सुरुवातीच्या चित्रांत ठळकपणे उजळते. ‘पॅपिलरी’ गाठ मंदच राहते. पुटींच्या बाबतीत न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ साली एक वर्गवारी सुचविली. पुटीची भिंत किती जाड आहे, आत पडदे आहेत काय, भरीव भाग आहे काय, यांवरून ही वर्गवारी केली जाते. पहिल्या गटातील पुटी निरुपद्रवी समजून सोडून देता येतात, तर चौथ्या गटातील बहुतेक कर्करोगाच्या निघतात. २०१९ साली सुधारणा झालेली ही पद्धत जगभर वापरात आहे. चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने चित्रे घेणाऱ्या एम.आर.आय. तपासणीने या माहितीत आणखी भर पडते. तीत क्ष-किरणांचा वापर होत नाही, हा तिचा विशेष फायदा होय.

एवढे असूनही एका ठिकाणी ही सर्व साधने अडखळतात. ‘ऑन्कोसायटोमा’ ही सौम्य गाठ सी.टी. स्कॅनवर कर्करोगासारखीच दिसते. तिच्या मध्यभागी कधीकधी चांदणीच्या आकाराचा व्रण दिसतो. पण तो सर्व गाठींत नसतो आणि काही कर्करोगांतही आढळतो. त्यामुळे त्यावर विसंबून निर्णय घेता येत नाही.

सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणे, म्हणजेच बायॉप्सी, हा मार्ग उपलब्ध आहे आणि अनेक रुग्णांत तो निर्णायक ठरतो. मात्र काही वेळा तुकडा अपुरा मिळतो आणि निदान होत नाही. गाठ अवघड जागी असेल तर सुई पोहोचविणे कठीण होते. शिवाय ‘ऑन्कोसायटोमा’ आणि ‘क्रोमोफोब’ कर्करोग यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीही इतक्या सारख्या दिसतात की लहानशा तुकड्यावरून त्यांतील भेद सांगणे तज्ज्ञांनाही जड जाते.

पेशीच्या कार्याचे चित्र

ही अडचण दूर करण्यासाठी संशोधकांनी प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. गाठ कशी दिसते, यापेक्षा तिच्यातील पेशी काय करतात, हे पाहता येईल काय? अणुवैद्यक या शाखेचे कार्य याच दिशेने चालते. शरीरातील विशिष्ट प्रकारच्या पेशींकडे ओढले जाणारे द्रव्य निवडावयाचे, त्याला अत्यल्प प्रमाणात किरणोत्सारी अणू जोडावयाचा आणि ते द्रव्य शरीरात कोठे साठते याचे चित्र बाहेरून टिपावयाचे, असे या तपासणीचे स्वरूप आहे.

‘ऑन्कोसायटोमा’च्या पेशींचे एक वैशिष्ट्य असे की त्या तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात. तंतुकणिका म्हणजे पेशीला ऊर्जा पुरविणारी सूक्ष्म केंद्रे. ‘सेस्टामिबी’ नावाचे द्रव्य धनभारित असते, तर तंतुकणिकांची आतील बाजू ऋणभारित असते. साहजिकच हे द्रव्य त्यांच्याकडे खेचले जाऊन तेथेच अडकून राहते. टेक्निशियम-९९एम या किरणोत्सारी समस्थानिकासह हे द्रव्य हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तपासण्यासाठी अनेक वर्षांपासून वापरले जात आहे. ते मूत्रपिंडाच्या गाठींसाठी वापरून पाहावे, हा विचार नवा होता. ‘क्लिअर सेल’ कर्करोगाच्या पेशींत तंतुकणिका तुलनेने कमी असतात. तसेच आत आलेले द्रव्य बाहेर लोटणारी यंत्रणाही त्यांच्यात प्रबळ असू शकते. त्यामुळे चित्रात सौम्य गाठ तेजस्वी दिसते आणि कर्करोगाची गाठ काळसर राहते.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील संशोधकांनी या पद्धतीची ५० रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध केले. प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रियेपूर्वी ही तपासणी करण्यात आली आणि नंतर काढलेल्या गाठीच्या परीक्षणाशी तिचा निष्कर्ष ताडून पाहण्यात आला. सहा रुग्णांत ‘ऑन्कोसायटोमा’ आणि दोघांत तिच्याशी साम्य असणारी, फारशी घातक नसलेली संमिश्र गाठ निघाली. या आठांपैकी सात गाठी चित्रात बरोबर ओळखल्या गेल्या होत्या. उरलेल्या ४२ गाठींपैकी ४० गाठी अपेक्षेप्रमाणे काळसर दिसल्या. हे यश लक्षणीय असले तरी रुग्णांची संख्या मर्यादित होती, हे विसरता येत नाही. काही ‘क्रोमोफोब’ गाठीही हे द्रव्य थोड्याफार प्रमाणात शोषून घेतात. म्हणून या तपासणीचा निष्कर्ष एकट्याने न वापरता इतर माहितीच्या जोडीने वापरणे इष्ट ठरते.

कर्करोगालाच चिकटणारा प्रतिपिंड

दुसरा मार्ग याच्या नेमका उलट आहे. सौम्य गाठ शोधण्याऐवजी त्यात घातक गाठच हेरली जाते. ‘क्लिअर सेल’ कर्करोगाच्या बहुतेक गाठींत ‘व्ही.एच.एल.’ नावाचे जनुक निकामी झालेले असते. या बिघाडामुळे पुरेसा प्राणवायू मिळत असूनही पेशी तो कमी पडल्याप्रमाणे वागू लागते आणि तिच्या पृष्ठभागावर ‘कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज-९’ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात येते. निरोगी मूत्रपिंडात हे प्रथिन आढळत नाही. प्राणवायूच्या पातळीची जाणीव पेशीला कशी होते, याचा उलगडा करणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोगाच्या या पेशींना नेमका चिकटणारा प्रतिपिंड नेदरलँड्समधील संशोधकांनी १९८६ सालीच जगासमोर आणला होता. पुढे त्याच्या सुधारित रूपाला ‘गिरेंटक्झिमॅब’ हे नाव मिळाले. त्याला झिर्कोनियम-८९ हे समस्थानिक जोडून पेट स्कॅनद्वारे चित्रे घेण्याची मोठी चाचणी नऊ देशांत पार पडली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडाचा रेणू मोठा असल्याने तो गाठीत साठण्यास वेळ लागतो. म्हणून चित्रे इंजेक्शननंतर काही दिवसांनी घेतली जातात. झिर्कोनियमची किरणोत्सारिता निम्मी होण्यास सव्वातीन दिवस लागत असल्याने ते या कामास योग्य ठरते. या चाचणीत २८४ रुग्णांच्या निष्कर्षांचे मूल्यमापन झाले. ‘क्लिअर सेल’ कर्करोग असलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांत तपासणीने तो ओळखला आणि तो नसलेल्या शंभरांपैकी ८७ जणांत तो नसल्याचे योग्य रीतीने सांगितले.

येथेही एक सावधगिरी आवश्यक आहे. या तपासणीत गाठ उजळली नाही, तर ती ‘क्लिअर सेल’ नसण्याची शक्यता जास्त, एवढाच त्याचा अर्थ होतो. ती ‘पॅपिलरी’ वा ‘क्रोमोफोब’ कर्करोगाची असू शकते. एक तपासणी सौम्य गाठीची खूण दाखविते आणि दुसरी घातक गाठीची. दोहोंचे कार्यक्षेत्र निरनिराळे आहे.

महाराष्ट्राशी असलेला दुवा

टेक्निशियमची किरणोत्सारिता दर सहा तासांनी निम्मी होत जाते. रुग्णाच्या दृष्टीने ही सोय असली, तरी असे द्रव्य दूरवर पोहोचवून साठविणे शक्य नसते. म्हणून ६६ तासांनी निम्मे होणारे मॉलिब्डेनम-९९ हे मूळ द्रव्य रुग्णालयास पुरविले जाते आणि त्यापासून सतत तयार होणारे टेक्निशियम गरजेनुसार वेगळे काढले जाते. या कार्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सारी औषधांच्या निर्मितीचा पाया घातला. मुंबईत परळ येथे १९६३ साली सुरू झालेल्या विकिरण वैद्यक केंद्राने देशातील अणुवैद्यकाच्या शिक्षणास व वापरास चालना दिली. नवी मुंबईतील वाशी येथून अणुऊर्जा खात्याची ‘ब्रिट’ ही संस्था देशभरातील रुग्णालयांना अशी औषधे पुरविते. हृदयाच्या तपासणीसाठी जेथे ‘सेस्टामिबी’ व आवश्यक कॅमेरा आहे, तेथे मूत्रपिंडासाठी मुळात निराळे यंत्र लागत नाही. गरज असते ती निष्कर्ष वाचू शकणाऱ्या अनुभवी तज्ज्ञाची. झिर्कोनियमवर आधारित तपासणीसाठी मात्र सायक्लोट्रॉन यंत्रावर तयार होणारे समस्थानिक व विशेष प्रतिपिंड लागत असल्याने ती अधिक खर्चिक आहे.

निर्णय आणि लोकशिक्षण

कोणतेही चित्र स्वतः निर्णय देत नाही. रुग्णाचे वय, इतर आजार, गाठीचा आकार व वाढीचा वेग आणि मूत्रपिंडांची कार्यक्षमता यांचा एकत्रित विचार करूनच मूत्ररोगतज्ज्ञ सल्ला देतात. लहान गाठी बहुधा वर्षाला काही मिलिमीटर एवढ्याच वाढतात. त्यामुळे वृद्ध वा दुर्बल रुग्णांच्या बाबतीत ठरावीक काळाने तपासणी करीत गाठीवर लक्ष ठेवणे हाही मान्यताप्राप्त उपाय आहे. गाठ सौम्य असण्याचा भक्कम पुरावा चित्रांतून मिळाला, तर असा निर्णय अधिक निश्चिंतपणे घेता येतो. घातकपणाचा पुरावा मिळाला, तर शस्त्रक्रियेस विलंब होत नाही. नव्या तपासण्यांचे खरे महत्त्व यातच आहे.

ग्रामीण भागात या विषयाची योग्य माहिती पोहोचविण्याचे काम शिक्षक, आरोग्य कर्मचारी आणि पंचायत सदस्य उत्तम रीतीने करू शकतात. लघवीतून एकदा जरी रक्त गेले आणि ते आपोआप थांबले, तरी ‘उष्णतेचा त्रास’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. सोनोग्राफीच्या अहवालात गाठीचा उल्लेख असेल, तर घाबरून घाईने शस्त्रक्रिया करवून घेणे आणि भीतीपोटी अहवाल पेटीत टाकून देणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या होत. जुने अहवाल व चित्रफिती जपून ठेवल्यास गाठ वाढली की नाही, याची तुलना करता येते. अनेकदा तोच पुरावा सर्वांत मोलाचा ठरतो. शिरेतून द्रव्य देऊन स्कॅन करण्यापूर्वी मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना विकार किंवा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ते डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. धूम्रपान, स्थूलता आणि उच्च रक्तदाब यांमुळे या कर्करोगाचा धोका वाढतो, हे लक्षात घेता त्यांवरील नियंत्रण हा प्रत्येकाच्या हाती असलेला उपाय होय.

काही दशकांपूर्वी मूत्रपिंडातील गाठ शोधणे हेच कठीण होते. आता ती सहज सापडते आणि तिचे स्वरूप ओळखणे हे आव्हान होऊन बसले आहे. या आव्हानास विज्ञान टप्प्याटप्प्याने उत्तर देत आहे. गरज असलेल्या रुग्णावर वेळीच उपचार व्हावेत आणि गरज नसलेल्याचे मूत्रपिंड वाचावे, या दोन्ही उद्दिष्टांच्या दिशेने पडलेले हे महत्त्वाचे पाऊल आहे.